रोखलेलं बोट

“अण्णा, गुडघ्याच्या वर पाणी जाऊ देऊ नका,” मागून प्रफुल्ल म्हणाला.

मी वळूनही बघितलं नाही. माझं वय तेव्हा चौसष्ट. सांगलीच्या शाळेत तेहतीस वर्षं मी पीटीचा मास्तर होतो आणि दर उन्हाळ्यात कृष्णेच्या घाटावर पोरांच्या पाठीला डबे बांधून त्यांना पोहायला शिकवत होतो. निम्म्या गावाच्या नाकातोंडात मी पाणी घातलंय. अशा माणसाला पाण्याची खोली सांगत होता अकोल्याकडचा जावई. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं आणि त्या क्षणी तो कोरड्या वाळूत, सँडल घालून उभा होता.

“गुडघाभर पाण्यात म्हशी बसतात, प्रफुल्लराव,” मी म्हणालो.

शेजारी पाण्यात उभी असलेली केतकी हसली. केतकी माझी मुलगी, त्याची बायको. ती हसली याचं मला बरं वाटलं, हे आज कबूल करतो.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली. तिथं किनाऱ्यापासून थोडं पुढं, किनाऱ्याला समांतर अशी वाळूची लांबच लांब बेटं आहेत. समुद्राचा मार ती आपल्या अंगावर घेतात आणि त्यांच्यामागची उथळ खाडी शांत राहते. त्यातल्या एका बेटावर सरकारी उद्यान होतं. वस्ती नाही, दुकान नाही, रस्ता नाही. खाडीतून लाँचनं जायचं, पिण्याचं पाणी, शिधा आणि तंबू पाठीवर न्यायचा, कचरासुद्धा परत आणायचा. बेटाच्या एका टोकाला रेंजरची लाकडी चौकी होती. बाकी सगळी वाळूची टेकाडं आणि त्यांच्यावर वाऱ्यानं वाकलेलं उंच गवत. सप्टेंबरमधला मंगळवार होता. शाळा सुरू झालेल्या. आमचा धरून तिथं तीनच तंबू होते आणि बाकीचे दोन लांब, टेकाडांच्या पलीकडं.

केतकीची फार दिवसांची इच्छा होती की अण्णांना समुद्राकाठी तंबूत राहायला न्यायचं. माझ्या बायकोचे, सुमनचे गुडघे दुखायचे म्हणून ती सांगलीतच राहिली होती. मी एकटाच दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडं अमेरिकेत गेलो होतो.

प्रफुल्ल तिथल्या एका विमा कंपनीत होता. कुठल्या गोष्टीत किती धोका आहे याचं गणित मांडायचं, हे त्याचं काम. घरीही तो तेच करायचा असं मला वाटायचं. सहलीची त्यानं दोन पानी यादी केली होती. वाळूत रोवायच्या तंबूच्या खुंट्या वेगळ्या, लांब असतात, म्हणून त्या आणायला तो पन्नास मैल गाडी चालवत गेला. लाँच जिथून सुटते त्या धक्क्यावर एक मोठा फलक होता. त्यावर समुद्राचं चित्र, बाण, आणि बाणाबरोबर आत ओढला जाणारा माणूस. प्रफुल्लनं तो फलक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि आम्हालाही वाचून दाखवायला लागला. मी पिशवी उचलून पुढं निघून गेलो. लाँचवाल्यानं त्याला काहीतरी सांगितलं, ते त्यानं माझ्यापर्यंत आणलं.

“अण्णा, ते म्हणतात, खूप लांब समुद्रात वादळ आहे. इकडं येणार नाही. पण दोन दिवस पाण्याला ओढ राहील.”

मी वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

“तुमचं ते वादळ सापडलं तर मलाही दाखवा,” मी म्हणालो.

तो हसला नाही, रागावलाही नाही. हेच मला त्याच्यात खटकायचं. लग्नाच्या वेळी मी सुमनला म्हणालो होतो, पोरीनं सगळं बघितलं, नवरा भित्रा आहे एवढंच बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीनं छोट्या स्टोव्हवर उपमा केला. प्रफुल्ल चहाचा कप घेऊन तासभर समुद्राकडं तोंड करून बसला होता.

“समुद्र काय परीक्षेला बसलाय का?” मी विचारलं.

“बघतोय नुसता. आज आपण वाळूतच बसू असं वाटतं. उद्या ओढ कमी होईल.”

केतकीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या पिशवीतून पोहण्याचे कपडे डोकावत होते. आणि मी म्हणालो, “श्रावणातल्या भरल्या कृष्णेत पलीकडच्या काठाला जाऊन आलेली पोरगी तू. आता नवऱ्याला विचारून पाण्यात उतरायला लागलीस?”

प्रफुल्लनं उपम्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि तो उठला. केतकी तंबूत जाऊन कपडे बदलून आली.

म्हशींचं ते बोलणं तेव्हाचंच. पाणी कोमट होतं. लाटा मोठ्या होत्या, पण एका लयीत यायच्या. दोन मोठ्या, मग थोडी उसंत, मग पुन्हा दोन. केतकी लाटेखाली बुडी मारून पलीकडं निघायची आणि केस मागं सारत हसायची. पस्तिशीची बाई, पण मला ती घाटावरची बारा वर्षांची पोरच दिसत होती. अर्ध्या तासानं माझे पाय भरून आले. मी बाहेर येऊन टॉवेल पांघरून बसलो. प्रफुल्ल माझ्यामागं दहा पावलांवर उभाच होता.

“अण्णा, अजून दोन लाटा,” केतकी ओरडून म्हणाली.

लाटा तिला सारख्या किनाऱ्याकडं ढकलत होत्या. मी किनाऱ्यावरून नजर फिरवली. थोडं उजवीकडं पाण्याचा एक पट्टा होता, पंधरा-वीस पावलं रुंद. तिथं लाटा फुटत नव्हत्या. पाणी गडद आणि सपाट दिसत होतं. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये ही शांत वाट.

मी तिला हातानं खूण केली. “तिकडं जा. तिथं लाटा नाहीत.”

नदीच्या माणसाला समुद्राचं काय कळणार. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी कुठूनतरी परत जातं, आणि ते त्या शांत वाटेनं जातं. तो फलक मी वाचला असता तर मला कळलं असतं.

केतकी त्या पट्ट्यात गेली. पाठीवर झाली, दोनदा पाय मारले. मग सरळ होऊन किनाऱ्याकडं पोहायला लागली. तिचे हात चांगले पडत होते, मीच बसवलेले हात. आठ झाले, दहा झाले. मी उठून उभा राहिलो. ती पुढं येत नव्हती. मागं जात होती.

“केतकी, आडवी पोह,” प्रफुल्ल दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून ओरडला. “किनाऱ्याकडं नको. आडवी.”

वारा आमच्या तोंडावर येत होता. आवाज पोचला नाही. तिचं तोंड एकदा स्पष्ट दिसलं. ती घाबरलेली होती, आणि पोहताना घाबरलेली मी तिला कधीच बघितली नव्हती.

मी टॉवेल टाकून पळालो. पाणी मांडीला लागलं आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. प्रफुल्ल सँडलसकट पाण्यात आला होता.

“अण्णा, नाही.”

“सोडा.”

“तुम्ही गेलात तर दोघांना शोधावं लागेल. आणि शोधणारा मी एकटा.”

“तुम्हाला पोहता येत नाही म्हणून मीही जाऊ नको?”

“हो,” तो म्हणाला. त्याची पकड सुटेना. माझ्यापेक्षा किरकोळ माणूस, पण मनगट सुटेना.

मी दुसऱ्या हातानं त्याच्या थोबाडीत मारली. जावयाच्या थोबाडीत. चष्मा एका कानावरून लोंबायला लागला. त्यानं तो एका हातानं परत बसवला, दुसऱ्या हातानं माझं मनगट तसंच.

“अजून मारायचं असेल तर नंतर मारा,” तो म्हणाला. आवाज इतका शांत होता की मी थबकलो. “फोन लागत नाही इथं. मी चौकीवर जातो, त्यांच्याकडं वायरलेस आहे, तरंगायच्या फळ्या आहेत. पळत दहा मिनिटं. तुम्ही एकच काम करायचं. तिच्या डोक्याकडं बोट दाखवायचं. ती हलेल तसं बोट हलवायचं. नजर काढायची नाही. माझ्याकडं बघायचं नाही, कुणाकडंच बघायचं नाही. एकदा नजर सुटली की या लाटांत डोकं परत सापडत नाही. तुम्ही बोट दाखवाल तिथं ते जातील.”

त्यानं माझा हात खांद्याच्या उंचीला उचलला, माझं बोट केतकीकडं वळवलं आणि मनगट सोडलं. वाळूवर त्याच्या ओल्या सँडलचा आवाज लांब लांब गेला.

मी उभा राहिलो. ती दर लाटेमागं नाहीशी व्हायची आणि लाट खाली गेली की पुन्हा दिसायची. काळं, नारळाएवढं डोकं. मग सुपारीएवढं. एकदा तिनं हात वर केला. मग ती पाठीवर झालेली दिसली, आणि माझ्या जिवात जीव आला. दमलीस की पाण्याशी भांडू नको, पाठीवर हो आणि श्वास घे, हे मी तिला सातव्या वर्षी शिकवलं होतं. पण पाठीवर पडलेलं माणूस लांबून दिसत नाही. लाटेच्या उतारावर नुसती एक रेघ दिसायची. मी त्या रेघेवर बोट धरलं. हात दुखायला लागला, मी दुसऱ्या हातानं कोपर तोलून धरलं.

आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. हा माणूस खरंच पळतोय का? की टेकाडामागं जाऊन बसला? माझ्या पोरीचा जीव मी कुणाच्या पायांवर सोडलाय?

मी वळून बघितलं.

तो अर्ध्या वाटेवरच होता. आणि पळत नव्हता. गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा होता. माझ्या अंगाची आग झाली. मी हात उगारून ओरडलो. काय ओरडलो ते सांगत नाही. घाटावरच्या पोरांनाही मी तसले शब्द कधी वापरले नाहीत. तो सरळ झाला आणि पुन्हा पळायला लागला.

हे सगळं मोजून पाच-सहा सेकंदांचं. मी परत समुद्राकडं तोंड केलं. रेघ नव्हती.

एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. सगळीकडं तेच चकाकणारं पाणी. मी बोट डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. डोळ्यांत घाम उतरला, तो पुसायची भीती वाटली. शेवटी मी बोट आधी होतं तिथंच आणून ठेवलं, अंदाजानं. जिथं ती मला शेवटची दिसली होती, किंवा दिसली होती असं मला वाटत होतं, तिथं. आणि हात तसाच धरून राहिलो. तिथं काहीही नव्हतं. मी तिच्या आईला काय सांगणार, याचा विचार करत होतो.

किती वेळ गेला माहीत नाही. नंतर हिशेब केला तर वीस मिनिटं झाली असतील. इंजिनाचा आवाज आला. वाळूवरून एक छोटा ट्रक आमच्याकडं येत होता. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या रेंजरबाई उडी मारून उतरल्या. डोना त्यांचं नाव, ते मला मागून कळलं. त्यांनी टपावरची लांब फळी ओढली आणि मला एकच शब्द विचारला. तो मला कळला. कुठं?

“तिथं,” मी मराठीतच म्हणालो आणि बोट दाखवलं.

तेवढ्यात प्रफुल्ल दुसऱ्या बाजूनं उतरला. त्याच्या पायात एकच सँडल होती. तो बाईंशी भराभर इंग्रजीत बोलला, तीन-चार वाक्यं. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि फळी घेऊन पाण्यात घुसल्या. फळीवर पालथ्या पडून दोन्ही हातांनी पाणी मारत त्या फेसाच्या पलीकडं गेल्या. पण माझ्या बोटाच्या रेषेत नाही, बऱ्याच डावीकडं. मला वाटलं, लाटांनी त्यांना ढकललं.

प्रफुल्ल माझ्याशेजारी उभा राहिला. धाप लागल्यानं त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

बाई एका लाटेवर चढल्या, उतरल्या, दिसेनाशा झाल्या. पुन्हा दिसल्या तेव्हा थांबल्या होत्या. त्यांनी एक हात सरळ वर केला. प्रफुल्ल खाली वाळूत बसला.

केतकीला त्यांनी फळीवर पालथं घातलं आणि लांबून वळसा घेऊन आणलं. ओठ निळे पडले होते. ती खोकली, उलटी केली, थंडीनं दात वाजत असताना म्हणाली, “अण्णा, मी पाठीवर झाले.” मग प्रफुल्लचा शर्ट तिनं मुठीत धरला तो बराच वेळ सोडला नाही.

रेंजरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. माझ्या दंडावर हात ठेवून त्या बरंच काही बोलल्या. त्यांचे उच्चार मला समजेनात. केतकी पुन्हा खोकत, ओकत होती, तिचं बाईंकडं लक्ष नव्हतं. मी प्रफुल्लकडं बघितलं.

“त्या म्हणतायत,” प्रफुल्ल म्हणाला, “तुम्ही हात खाली घेतला नाहीत म्हणून केतकी सापडली.”

प्रफुल्लचं हे बोलणं मात्र केतकीनं ऐकलं. ती रडायला लागली आणि तिनं माझा तो हात आपल्या कपाळाला लावला. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यावर केतकीनं सुमनला फोन केला. अण्णांनी वीस मिनिटं बोट धरलं, नजर काढली नाही, म्हणून मी आहे. सुमननं मिरजेच्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं कोल्हापूरला. मी परत आलो तेव्हा गोष्ट माझ्या आधी घाटावर पोचली होती. पोरं विचारायची, सर, हात दुखला नाही? मी म्हणायचो, दुखला की. हळूहळू मी ती स्वतःहून सांगायला लागलो. थोबाडीत मारल्याचं वगळायचो, शांत पट्ट्याकडं मीच पाठवल्याचं वगळायचो. प्रफुल्लनं पळत जाऊन मदत आणली, असं एक वाक्य मध्ये असायचं. तो आणि केतकी सुट्टीला आले की लोक त्याच्यासमोर मला सांगायला लावायचे. तो ऐकत बसायचा, मान हलवायचा. अशी अकरा वर्षं गेली.

गेल्या जानेवारीत मला पंचाहत्तर पूर्ण झाली. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या सभागृहात सकाळी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फुलं. एक विद्यार्थी आता मोठा डॉक्टर आहे, त्यानं भाषणात ती गोष्ट सांगितली. अखेरीस त्यानं आपला हात पुढं करून बोट रोखलं आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मी शाल सावरत बसून राहिलो. पहिल्या रांगेत प्रफुल्लही उभा राहून टाळ्या वाजवत होता.

केतकी आणि सुमन रिक्षानं पुढं गेल्या. हार-तुरे घेऊन मी प्रफुल्लनं भाड्यानं घेतलेल्या गाडीत बसलो.

“गाडी जरा बाजूला घ्या,” मी म्हणालो.

“बरं वाटत नाही का?”

“घ्या तर.”

त्यानं एका कडुनिंबाच्या सावलीत गाडी थांबवली. मी समोरच्या काचेकडं बघत म्हणालो, “मी त्या दिवशी नजर काढली होती. ती मला दिसत नव्हती. मी रिकाम्या पाण्याकडं बोट दाखवत होतो.”

प्रफुल्लनं इंजिन बंद केलं.

“हो,” तो म्हणाला.

“हो म्हणजे?”

“मला माहीत आहे, अण्णा. मला पोटात कळ आली म्हणून मी थांबलो होतो. मागं बघितलं तर तुम्ही माझ्याकडं हात उगारून ओरडत होतात. माझ्याकडं तोंड म्हणजे समुद्राकडं पाठ.”

गाडीत झेंडूचा वास कोंडला होता. मी काच खाली केली.

“मग त्या बाईंना तुम्ही काय सांगितलंत?”

“की ते बोट दाखवतायत तिथं ती आता नसेल. त्यांची नजर सुटली आहे. प्रवाह डावीकडं आहे, डावीकडं बघा.”

“प्रवाह डावीकडं आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“सकाळी तासभर बघत बसलो होतो ना. फेस सारखा डावीकडं सरकत होता.”

मग आठवलं. “आणि ती बाई? मी हात खाली घेतला नाही म्हणून सापडली, असं म्हणाली ती?”

प्रफुल्लनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला.

“ती म्हणाली, यांना सावलीत न्या, पाणी पाजा, यांना धक्का बसलाय. तुम्हाला आठवत नाही का? केतकी बाहेर आली, आपल्यासमोर बसली होती, तरी तुमचा हात समुद्राकडंच होता. मी दोनदा खाली घेतला. तुम्ही दोन्ही वेळा परत वर केलात. काहीतरी बोलणं भाग होतं.”

मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

“एवढी वर्षं माझ्या तोंडून ते ऐकत बसलात.”

“आधी वाटलं, सांगावं. मग वाटलं, केतकी आहे ना समोर. कोणामुळे आहे, त्यानं काय फरक पडतो.” त्यानं चष्मा परत चढवला. “पण आज तुम्ही बोललात ते बरं झालं. आजच्या टाळ्या मलाही जड गेल्या.”

घरी केतकी स्वयंपाकघरात ताटं घेत होती. सुमन पाटावर बसून काकडी चिरत होती. मी शाल खुर्चीवर टाकली आणि उभ्या उभ्याच दोघींना सगळं सांगितलं. वळून बघितल्याचं, थोबाडीत मारल्याचं, आणि तो शांत पट्टा मीच दाखवल्याचं.

केतकी हातातलं ताट धरून उभी होती.

“तो पट्टा तसा का असतो ते मला माहीत होतं, अण्णा,” ती म्हणाली. “धक्क्यावर तुम्ही पुढं गेलात, मी थांबून तो फलक वाचला होता. मला वाटलं, मला जमेल.” मग तिनं दारात उभ्या असलेल्या प्रफुल्लकडं बघितलं. “तू मला का नाही सांगितलंस?”

“तू फोनवर आईंना सांगत होतीस,” तो म्हणाला. “तुझा आवाज ऐकून सांगवेना.”

सुमननं सुरी खाली ठेवली. “मी गावभर सांगत फिरले,” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “अकरा वर्षं.” त्या दुपारी ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी, सदलगे, बायकोला घेऊन भेटायला आला. सत्काराला त्याला येता आलं नव्हतं. चहा झाला. त्याची बायको म्हणाली, “सर, ती समुद्राची गोष्ट यांच्याकडून फार ऐकलीय. तुमच्याकडून ऐकायची आहे.”

सुमन कपबशा उचलत होती, ती थांबली. केतकी आतल्या दारात येऊन उभी राहिली. कोपऱ्यातल्या खुर्चीत प्रफुल्ल वर्तमानपत्र वाचत होता, त्यानं पान उलटायचं थांबवलं.

मी सांगायला सुरुवात केली. लाँच, बेट, तंबू. शांत पट्टा सांगितला, थोबाडीत सांगितली. सदलगेच्या बायकोनं चोरून नवऱ्याकडं बघितलं. मी पुढं गेलो. हात उचलून धरला इथपर्यंत आलो आणि म्हणालो, “मग मी मागं वळून बघितलं, आणि पोरगी मला दिसेनाशी झाली.”

सुमननं हातातल्या कपबशा परत खाली ठेवल्या.

“अरे देवा,” सदलगे हळूच म्हणाला. “मग सापडली कशी, सर?”

प्रफुल्लनं पेपर नाकापर्यंत वर धरला होता. मी वाकून त्याच्या हातातून तो काढून घेतला.

“तू सांग,” म्हणालो.